जिभेवरची भाऊबंदकी

४ मार्च

अन्यायाची सुरुवात घरातूनच होते. आज सकाळी मला दात घासायला बंदी! चूळही नाही. चहाचं तर नावच नको. लेक काचेची नळी घेऊन दारात उभी — "बाबा, यात थुंका." मुखमार्जनाशिवाय अक्षर न उच्चारण्याच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे!

कारण मात्र रास्त. बायकोला लहानपणी घशाचा संसर्ग झाला, ताप आला आणि जाताना हृदयाची झडप अधू करून गेला. तोच जंतू पुन्हा घशात शिरला, तर झडपेवर पुन्हा घाला. इतकी वर्षं इंजेक्शनं होती. हल्ली त्यांनी अंगावर गांधी उठतात, म्हणून बंद. सध्या दुसऱ्या गोळ्या आहेत, पण त्यांच्यावर डॉक्टर फारसे खूश नाहीत.

लेक प्रयोगशाळेत तोंडातल्या जंतूंचाच अभ्यास करते. त्यातले काही म्हणे स्वतःच विष तयार करतात आणि शेजारच्या जंतूंना मारतात. आईच्या जंतूला मारणारा एखादा माझ्या तोंडात सापडतो का, ते तिला पाहायचंय. जिभेवरही भाऊबंदकी!

६ मार्च

माझी नळी नापास. प्रयोगशाळेत जंतू वाढवायची काचेची बशी असते, तीत काही उगवलंच नाही. लेकीने नुसतं रोखून पाहिलं. "चूळ भरलीत ना?"

भरली होती. त्या निळ्या, झोंबणाऱ्या जंतुनाशकाची. प्रयोगशाळेतल्या चार परक्या माणसांपुढे पारोसं तोंड पाठवायचं कसं?

"बाबा! शिरगणतीला यायचं, तर तुम्ही गावच जाळून ठेवलंत!"

स्वयंपाकघरातून बायकोचं हसू. थांबेचना.

७ मार्च

पुन्हा थुंकलो. पारोसाच.

११ मार्च

विजय! मागच्या वर्षी बायकोच्या घशातून घेतलेला जंतू बशीभर पसरलेला, दुधासारखा. मधोमध माझ्या जंतूंचा ठिपका — आणि त्याभोवती स्वच्छ, आरपार दिसणारं कडं! तिथे शत्रू औषधालासुद्धा नाही.

बायकोला गंभीरपणे म्हणालो, "त्वां रक्षिष्यामि, जिह्वाग्रेण."

"अहो, जन्मभर तोंड चालवताय. एकदाचा उपयोग झाला म्हणायचा!"

१२ मार्च

लेकीला विचारलं, मग हे माझे जंतू आईला कधी देणार?

"बाबा, बशी म्हणजे आईचा घसा नव्हे. वर्षं लागतील." मग माझा चेहरा पाहून, "पण कडं मोठं आहे हं तुमचं."

'वर्षं लागतील' हे वाक्य मी बातमीदार म्हणून कितीदा तरी छापलंय. शेवटच्या ओळीत, जागा भरायला. ऐकलं मात्र आज.

१५ मार्च

बायकोने शेजारणीला सांगितलं, "यांच्या थुंकीला आता प्रयोगशाळेच्या शीतपेटीत स्वतंत्र कप्पा आहे. घरात कपाटात नाही मिळाला, तिथे मिळाला." शेजारीण माझ्याकडे आदराने पाहते, पण चार हात लांबून.

१९ मार्च

बाजारातून येताना बायको जिन्यात थांबली. चपलेत खडा गेला म्हणाली. चप्पल काढून झटकली. खडा पडला नाही. वरच्या वळणावर पुन्हा थांबली, आणि या वेळी चप्पल काढली नाही. कठड्याला धरून नुसती श्वास घेत राहिली. मी तिच्या हातातली पिशवी घेतली.

मला फार भीती वाटते.