दुर्मुश न्हाव्याच्या दोन ओळी

बुर्सा मुक्कामी आदरणीय याकूबमामा यांना, कास्तामोनूहून भाचा बहलूल याचा वाकून सलाम. आपले गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला थांबला का? मी जिवंत आहे. (हे वाक्य मान चाचपून लिहितोय.)

चार वर्षांपूर्वी मी तुमच्या बुर्साचं स्तुतिकाव्य लिहिलं, गावातल्या एकेका देखण्या कारागिराला दोन-दोन ओळी देऊन, ते तुम्हाला आठवत असेल. त्याची बातमी लागल्यापासून इथल्या लोकांच्या पोटात दुखत होतं. बुर्साला काव्य, आणि आम्ही काय उकिरड्यावर राहतो? राजधानीतल्या कवींना हे गाव कुठल्या दिशेला आहे तेही माहीत नाही, म्हणून मीच तावडीत सापडलो. लिहिलं बापडं. तांबट आला, खोगीर शिवणारा आला, सरबतवाला आला (त्याच्या दुकानापुढे आता पाय ठेवायला जागा नसते). राहिला एकटा दुर्मुश न्हावी. मामा, काव्य देखण्यांचं, आणि ह्याचं नाक दोन ठिकाणी मोडलेलं, त्याला मी काय करू?

तेव्हापासून तो माझ्याशी फार गोड बोलायला लागला. माझी बोबडी तिथेच वळली. अकरा दिवस डोक्याला वस्तरा लावला नाही. दुसऱ्या न्हाव्यांकडे गेलो, तर सगळे त्याचेच चेले, कानाला हात लावून मोकळे झाले. अशात शुक्रवारी इथल्या सुभेदार पाशांसमोर काव्य वाचायचं ठरलं आणि काझीसाहेबांनी बजावलं, हे असलं रान डोक्यावर घेऊन येऊ नका. गेलो, काय करता!

दुर्मुशने अर्धं डोकं केलं. मग वस्तरा गळ्याशी आणून थांबला. "उस्ताद, त्या सरबतवाल्याला काय म्हणालात हो? गुलाब? बरं, बरं. हलू नका." मामा, एरवी एक ओळ सुचायला मला आठवडा लागतो. तिथे एका श्वासात दोन बाहेर पडल्या: दुर्मुशच्या आरशात तोंड पाहायला चंद्र रांगेत उभा राहतो, आणि पाळी येईपर्यंत अमावस्या होते. तो ढसाढसा रडला. (वस्तरा तेव्हाही गळ्याशीच होता.) पुढे पाशांनाही नेमक्या त्याच ओळी आवडल्या.

आपला भाचा,
बहलूल

ता. क. त्या ओळी मी बुर्साच्या काव्यात तुमच्याकडच्या इस्केंदर न्हाव्याला दिलेल्या आहेत. नाव तेवढं बदललं. मानेवर वस्तरा असताना नवं कुठून सुचणार? इस्केंदरने त्या दुकानात टांगल्यात आणि आल्यागेल्याला वाचून दाखवतो म्हणे. हात जोडतो, ती पाटी आजच्या आज उतरवून घ्या. वाळवी लागलीय म्हणा, काहीही म्हणा.

आणखी एक. दुर्मुश आपल्या ओळी बुर्साच्या न्हाव्यांना ऐकवायला निघालाय. हे पत्र त्याच्याच हाती देतोय. त्याला वाचता येत नाही, पण समोर बसून काय लिहिलंय ते विचारेल. माझी तब्येत ठीक आहे, एवढंच सांगा. परत आला की पहिलं डोकं माझंच करणार, असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलंय.