राहुरीत परदेशी

१९ जुलै १९७२, राहुरी
येऊन बारा दिवस. आज रडले नाही, म्हणून वही उघडली. आईला कबूल केलंय, रोज नाही तर आठवड्याला चार ओळी तरी लिहीन, मराठीत.
शेतकीच्या एम.एस्सी.च्या वर्गात मुलगी मी एकटी. मुलींना वसतिगृह नाही, म्हणून खोली गावात, हौसामावशींकडे. त्या आणि त्यांचे मालक, दोघंच. मुली नांदायला गेलेल्या. भाकरी अजून घशाखाली उतरत नाही. मावशींच्या ते लक्षात आलंय.
"तुमच्याकडं आफ्रिकेत भाकरी न्हाई? मग मानसं खात्यात काय?"
म्हटलं, केळी. हिरवी, उकडून.
मावशींनी परातीतलं पीठ झटकलं. मग, "रोज उपास म्हना की."

२६ जुलै
नगरला जाऊन आले. परकीयांची नोंद पोलीस कचेरीत करावी लागते. कारकुनाने पासपोर्ट दोनदा उलटसुलट पाहिला. "नाव कुलकर्णी. बोलता मराठी. मूळ गाव बेलापूर. मग परकीय कशा?"
सांगितलं: आजोबा बेलापूरहून रेल्वेत कारकून म्हणून युगांडात गेले. बाबा तिकडेच जन्मले, मीही कंपालाची. पासपोर्ट ब्रिटिश.
"म्हणजे इंग्रज!" म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला. मीही हसले. परतताना एस.टी.त मात्र हसू आलं नाही. एखादी गोरी मुलगी असती तर सगळ्यांनी समजावून सांगितलं असतं. माझा चेहरा इथला, त्यामुळे मला सगळं येतच असणार. पोहरा म्हणजे काय, विचारायचीसुद्धा चोरी.

१ ऑगस्ट
फजिती. मुळे सरांनी (माझे गाइड) विचारलं, "काणी पाहिलीय का कधी?" मी म्हटलं, "लहानपणी आजी सांगायची." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं काणी म्हणजे कहाणी. ती उसावरची बुरशी! शेंड्यातून काळा चाबूक निघतो, हात लावला की काजळी. माझ्या प्रबंधाचा विषयच तो. इंग्रजी नाव तोंडपाठ, मराठी माहीत नाही.
कडू (वर्गातला, कोल्हारचा, बोलण्यात नावासारखा मुळीच नाही) नंतर म्हणाला, "कुलकर्णीबाई, तुमी पुस्तकावाणी बोलता. त्यात ऊस कसा उगवंल?"
पाऊस नाहीच. ऊस आहे तो पाटाच्या पाण्यावर.

६ ऑगस्ट
कडू सायकल दामटत आला. "बाई, तुमच्या गावाचं रेडिओवर सांगत्यात."
युगांडाच्या लष्करी अध्यक्षाने हुकूम काढलाय. ब्रिटिश पासपोर्टवाल्या आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडायचा. म्हणजे आई. बाबा. शेजारपाजार, सगळी गल्ली.
मावशींचा रेडिओ दिवसभर कानाशी. शब्द तेच.

१९ ऑगस्ट
बाबांचं पत्र! तारीख पाहिली, हुकमाच्या आधीची. दोन पानं: मागच्या भिंतीला रंग दिला, तुझ्या खोलीला पिवळा देऊ की पांढरा ते कळव.
दुसऱ्यांदा वाचवलं नाही.

७ सप्टें.
आज खरं पत्र. बाबा लिहितात, शाळेतल्या मुलांच्या परीक्षा तोंडावर आहेत, गणिताला दुसरा शिक्षक नाही, अर्ध्यात सोडून येणार नाही. "शेवटच्या पंधरवड्यात बघू. तू अभ्यास कर." आईने खाली एकच ओळ लिहिलीय: काळजी करू नको, ह्यांना मी आणते.
इतका राग आला बाबांचा. देश हाकलून देतोय आणि हे बीजगणित शिकवतायत.

२५ सप्टें.
अठरा दिवस कंपालाहून काही नाही. रेडिओवर तिथे गोळीबाराच्या बातम्या. माझ्या उसाच्या प्लॉटच्या नोंदवहीत कालचा तक्ता चुकला, रोपांच्या दोन ओळी एकमेकींच्या जागी. सरांना सांगितलं, मला शिक्षण सोडून जायचंय. कुठे, असं त्यांनी विचारलं.
सर: "रडू आलं तर प्लॉटवर रडा. पण नोंदी चुकवू नका. ते आले आणि तुम्ही काहीच केलेलं नसलं, तर त्यांना काय दाखवाल?"
कठोर वाटलं. जेवताना वाटलं, 'ते आले आणि', असं म्हणाले. 'आले तर' नाही.

९ ऑक्टो.
कोल्हार. कडूच्या घरच्या उसात काणी शोधत. दोन तास काही नाही, मग बांधाकडेच्या सरीत तो दिसला. हातभर लांब काळा चाबूक, वाकलेला. मी ओरडलेच. कडूचे वडील पळत आले, त्यांना वाटलं सापबिप चावला.
"अहो, रोग हाय त्यो! अन् पोरगी हरखलीया कशी!"
त्यांच्यासाठी वाईट, हे नंतर सुचलं. माफी मागितली. म्हणाले, "उपटून न्या, आमाला काय करायचाय."
पिशवीत बांधून आणला. तोंड, हात, ओढणी, सगळं काळं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच दोन तास कंपाला डोक्यात नव्हतं. मग आठवलं, आणि लाज वाटली.

१६ ऑक्टो.
तार.
पोस्टमन दारात आला तोच मावशींनी पदर तोंडाला लावला. त्यांच्याकडे तार म्हणजे मयतच. मी फोडायच्या आधी त्या रडायला लागल्या, त्यांचं बघून मी. पोस्टमन बिचारा, "वाचा तरी आधी, बाई!"
दोघे सुखरूप मोंबासात. बोटीने मुंबईला निघतो.
चार वेळा वाचली. मावशींना मराठीत सांगितली, तरी त्या रडतच होत्या. मग एकदम उठल्या. "चल, गिळ आता काहीतरी. सकाळपास्नं उपाशी हायेस."
दीड भाकरी खाल्ली. पाण्याचा घोट न घेता.

२९ ऑक्टो.
आले. राहुरी स्टेशनवर दोघं उतरले, एक पेटी, एक वळकटी. बाबा वाळलेत. मी पाया पडायला वाकले तर बाबांनी मधेच धरलं आणि सोडेनात. माणसं बघत होती. बघू देत.
घरी आल्यावर मावशींची नजर आईच्या हातांवर गेली. दोन्ही मनगटं मोकळी. मावशींनी आधी बाबांकडे पाहिलं, मग आईच्या कुंकवाकडे.
आई शांतपणे म्हणाली, "वाटेत गाडी पाच ठिकाणी थांबवली. शिपायांनी बांगड्या काढून घेतल्या. निघत नव्हत्या तर साबण लावून."
मावशी चपला न घालताच बाहेर गेल्या आणि कासारणीला हाताला धरून घेऊन आल्या. हिरवा चुडा. आई मान खाली घालून बसली होती. चुडा भरून झाल्यावर तिने हात हलवून आवाज ऐकला. मग रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच म्हणे.

२ नोव्हें.
बाबा जन्मात प्रथमच या देशात. टांगेवाला मराठी बोलतो, हमाल मराठी बोलतो, याचं त्यांना नवल. कंपालात मराठी फक्त घरात आणि गणपतीत. वाण्याशी उगीचच दहा मिनिटं बोलत उभे होते. परत येऊन म्हणाले, "मला सगळं कळतं गं, पण अर्धं कळत नाही." मी म्हटलं, तीन महिने थांबा.
गेल्या जुलैची मी आणि आत्ताची मी. हे सांगताना मोठी बहीण असल्यासारखं वाटलं.
प्लॉट दाखवला. बाबांनी तक्ता बारकाईने वाचला आणि एक बेरीज चुकलेली काढली. सर खूश.

९ नोव्हें.
काल मुदत संपली. गल्लीतले बाकीचे कुठे कुठे गेले, माहीत नाही. आईने मावशींकडून भाकरी थापायला घेतलीय, पहिल्या तीन तव्यावर मोडल्या. बाबा बेलापूरला आजोबांचं गाव बघायला गेले होते. तिथल्या शाळेत गणिताला शिक्षक हवाय, हेडमास्तर त्यांना सोडेनात. "किती दिवस आहात?" याला बाबा म्हणाले, "बघू."

१८ नोव्हें.
मुंबईहून ब्रिटिश कचेरीचं पत्र. तिघांनी मुलाखतीला यावं, पासपोर्ट घेऊन. विलायतेत जायला मिळेल, असा सूर आहे. आई म्हणाली, थंडी फार असते म्हणे. बाबा म्हणाले, "तुझी पदवी इथे अर्धी. तू सांग."
उत्तर लिहायला दोन वेळा पेन उचललं, खाली ठेवलं.
दुपारी आत डोकावले तर दोघं झोपलेली. आई भिंतीकडे तोंड करून, बाबा पेपर छातीवर ठेवून, तोंड उघडं. बाबांना दिवसा झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कंपालात ते खुर्चीत बसूनसुद्धा डुलकी घेत नसत.
पेपर हळूच काढून घेतला. पत्राची घडी घालून पुस्तकात ठेवली. दार नुसतं लोटून प्लॉटवर गेले. आज सोळा रोपं मोजायची होती.