आजोबांच्या श्राद्धाचे बहात्तर रोल

२ मार्च, सकाळी सात
ठरलं. सव्वीस तारखेला आजोबांचं श्राद्ध आणि यंदाचे तळलेले रोल मी करणार. सहा ताटं, ताटात बारा, एकूण बहात्तर.
बाबांशी बोलणं झालं. मला घरामागची खोली हवी आहे, जिथे पूर्वी डुकरं असायची. तिथे मी फ्रोझन रोलचं युनिट टाकणार आणि गावातल्या बायकांना काम देणार. बाबांचं म्हणणं, आत्याच्या ओळखीने जिल्ह्याच्या ऑफिसात चिकटावं. शेवटी ते म्हणाले, श्राद्धाला सगळे येतील. तुझे रोल त्यांनी कुरकुरीत खाल्ले तर खोली तुझी, नाहीतर एक तारखेपासून ऑफिस.
आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. तीही फूड टेक्नॉलॉजीची, हनोईहून. म्हणजे निकाल लागल्यातच जमा आहे.

४ मार्च
आईच्या पद्धतीचं निरीक्षण केलं. शेवया किती ग्रॅम, विचारलं. म्हणाली, पुरतील इतक्या. तेलाचं तापमान विचारलं तर तिने कढईत चॉपस्टिक बुडवली आणि बुडबुड्यांकडे बघत बसली. इथे सुधारणेला भरपूर वाव आहे.
शिवाय ती रोल दोनदा तळते. सकाळी अर्धे कच्चे, आणि पानं वाढायच्या वेळी पुन्हा. मी तिला समजावलं की पद्धत बरोबर असेल तर एकदाच तळून भागतं. ती 'बरं' म्हणाली. मियेन वहिनी शेजारी नवलकोलाचा कीस पिळत होती. वहिनी म्हणजे दादाची बायको. नववीत शाळा सुटली तिची, पण स्वभावाने फार चांगली. युनिटमध्ये पहिली नोकरी तिलाच द्यायची.

७ मार्च
पहिली ट्रायल. आठ रोल. पाच फुटले.
कारण: कढई.

८ मार्च
नवी कढई. आठपैकी सहा फुटले. वहिनी म्हणाली, कीस नीट पिळ आणि शेवया कापून घे. मी म्हटलं, नवलकोलातल्या पाण्याचं प्रमाण मला पाठ आहे. फुटलेले बदकांना घातले.
कारण: गॅस.

१२ मार्च
एकही फुटला नाही. (कीस पिळला. माझा मूळ विचार तोच होता.) पण ताटात काढल्यावर पाच मिनिटांत मऊ.
दोष हवेचा आहे. या महिन्यात आमच्याकडे भिंतींना घाम फुटतो, फरशी पुसली तरी ओलीच, कपाटातल्या कपड्यांना बुरशी. रोल ज्यात गुंडाळायचा तो तांदळाचा कागद पाकिटातच लुळा पडतो. माझा तळणाचा तक्ता साठ टक्के आर्द्रतेसाठी आहे. मीटर शहाण्णव दाखवतो. तक्त्यात चूक नाही.

१५ मार्च
यश. कागदाला आतून-बाहेरून बिअरचा हात लावला. रोल बावीस मिनिटं कुरकुरीत राहिले. पुरावा म्हणून फोन तोंडाजवळ धरून चावण्याचा आवाज रेकॉर्ड केला. आईने ऐकला. म्हणाली, मागे भुंकणारा कुत्रा छान आलाय.
बिअर दोनच चमचे लागते. उरलेला कॅन वाया जाऊ नये म्हणून बाबांनी संपवला आणि म्हणाले, अजून दोन-तीन ट्रायल घ्यायला हव्यात. बाबांचा संशोधनावर विश्वास बसतो आहे.

१९ मार्च
एक तांत्रिक अडचण लक्षात आली. जेवण आधी पूर्वजांच्या वेदीवर जाणार. उदबत्ती विझेपर्यंत पूर्वज जेवतात, तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. आमची उदबत्ती पन्नास मिनिटं जळते. माझा रोल बावीस मिनिटं टिकतो.
आई हळूच म्हणाली, म्हणून तर मी दोनदा तळते गं. वेदीवरून उतरवले की पुन्हा कढईत. मी म्हटलं, म्हणजे आजोबांना अर्धवट तळलेलं वाढायचं? ती म्हणाली, नऊ वर्षं झाली, अजून तरी काही बोलले नाहीत.
मी पद्धत बदलणार नाही. उदबत्ती बदलीन.

२० मार्च
बाजारातून आखूड उदबत्ती आणली. वीस मिनिटांत विझते, घरी वेळ लावून पाहिलं. दुकानदारबाईंनी विचारलं, घाई आहे का? म्हटलं, नाही, नियोजन आहे.

२५ मार्च, संध्याकाळी
वेळापत्रक तयार. १०.१० तळणे. १०.३० वेदी. १०.५० उदबत्ती विझणे. १०.५२ पानं. स्वयंपाकघरात चिकटवलं, ओलीमुळे दोनदा पडलं. सगळ्यांना एकेक प्रत दिली. वहिनीने विचारलं, कुणाला यायला उशीर झाला तर? मी म्हटलं, वेळ छापलेली आहे.

२६ मार्च, सकाळी पाच
बहात्तर रोल वळून तयार. आर्द्रता अठ्ठ्याण्णव. आत्मविश्वास पूर्ण.
वहिनी मागच्या अंगणात चूल पेटवते आहे. कशाला, कोण जाणे. गॅस आहे घरात.

२६ मार्च, दुपारी चार
जसं घडलं तसं लिहिते.
१०.३०ला ताटं वेदीवर गेली. रोल सोनेरी, वाजत होते. बाबांनी माझी आखूड उदबत्ती लावली. १०.३६ला आत्या आली. ती बाबांहून मोठी, तिच्यापुढे बाबा पण बोलत नाहीत. तिच्या हातात कोपरापर्यंत पोचेल एवढ्या लांब उदबत्त्यांचा पुडा. तिने वेदीकडे पाहिलं आणि बाबांना म्हणाली, "एवढ्याशा उदबत्तीत बोलावलंस त्यांना? ते काय बस पकडायला आलेत?"
तिने तिच्या तीन लावल्या.
१०.५५ला हायफोंगचे चुलतभाऊ आले. त्यांनी लावल्या. ११.१०ला बाबांचे मामेभाऊ आले, वाटेत मोटरसायकल पंक्चर झाली होती. त्यांनीही लावल्या. येईल तो लावणार, हे मला जन्मापासून माहीत आहे. वेळापत्रकात त्याला रकाना नव्हता. मी वेदीजवळ घड्याळ धरून उभी. आत्याने विचारलं, आजोबांची आठवण येते का गं? मी हो म्हटलं. डोळ्यांत पाणी होतंच.
१२.०४ला शेवटची विझली. मी चॉपस्टिकने एक रोल मधोमध उचलला. त्याची दोन्ही टोकं खाली गेली.
ताटं घेऊन स्वयंपाकघरात पळाले. आईने काही न विचारता एक रोल गरम तेलात सोडला. बिअर लावलेला कागद आधीच पूर्ण तळलेला. काळा पडून फुटला. बाहेर पन्नास माणसांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने आत्या ताट कुठे अडलं विचारत होती.
वहिनीने कोपऱ्यातल्या टोपलीवरचं फडकं काढलं. आत बहात्तर रोल. फिकट, अर्धे तळलेले, एकसारखे. पहाटे मागच्या चुलीवर केलेले. ती म्हणाली, "थोआ, तुझे राहू देत बाजूला. आधी हे तळून काढते."
दहा मिनिटांत सगळे रोल बाहेर पानांवर गेले. चटणीत बुडवून चावले तरी आवाज येत होता. मामेभाऊ म्हणाले, पोरीने नाव काढलं. बाबांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. सगळ्यांसमोर म्हणाले, मागची खोली थोआची.
पुढच्या चार मिनिटांत मी मनातल्या मनात खोलीला पांढरा रंग दिला, दारावर पाटी लावली आणि तीन बायकांना कामावर ठेवलं.
मग वहिनी चटणीचा वाडगा घेऊन आली. तेलाने तिच्या मनगटावर फोड आला होता आणि त्यावर तिने टूथपेस्ट फासली होती. भाजल्यावर टूथपेस्ट लावू नये, हे मला पदवीमुळे माहीत आहे. तेच सांगायला मी उभी राहिले. तोंडातून निघालं, "हे माझे नाहीत. वहिनीचे आहेत."
कुणाचंच खाणं थांबलं नाही. आत्याने अजून एक उचलला. म्हणाली, "माहितीये. तुझे बघितले मी, वेदीवर झोपले होते. बस आता खाली, गार होतील."
बाबा माझ्याकडे बघत नव्हते.

२७ मार्च
सकाळी बाबांनी खोलीची किल्ली वहिनीला दिली. कसला समारंभ नाही, भात वाढताना पुढे सरकवली. मला म्हणाले, ऑफिसचं तुझं तू बघ. मियेनला गरज असेल तर थांब. तिला विचार.
तिला तोंडी विचारणं बरं दिसलं नसतं. रीतसर अर्ज लिहिला. पद: तांत्रिक सल्लागार. शिक्षण, गुण, प्रबंधाचा विषय, सगळं एका पानात.
वहिनीने हात पुसून अर्ज घेतला. एकेका ओळीवर बोट ठेवून पूर्ण वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, पहाटे चारला उठशील का? बाजारातून नवलकोल आणायचेत. गाडी ती चालवणार. मागे बसून पोतं धरायला कुणीतरी लागतं.
मी हो म्हटलं.
पोतं कसं धरायचं ते ती उद्या दाखवणार आहे.