फिट पाहिलेला माणूस

९ ऑक्टोबर, इचोडा
लिहीन लिहीन म्हणत अख्खा दसरा गेला. वही घेतली, मग कापसाच्या ट्रकवर बसून नेरडीगोंड्याला गेलो. तिथं एकाची मैना तेलुगूत शिव्या देते! असो, मैनेचं नंतर.

आज इथं इचोड्याच्या ढाब्यावर परत फिट आली. ट्रकवरून ताडपत्री बांधून उतरलो अन् खाली कोसळलो. वर असतो तर? ढाबेवाली जयवंताबाई चिडली — "गावागावात नवा डॉक्टर काऊन करतं रे? एक धर!"

११ ऑक्टोबर
धरला डॉक्टर. इथल्याच दवाखान्यातल्या अर्पिता मॅडम. गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी केली. वाटलं, ओरडतील. हसल्या.

"जेवल्यावर घेतोस?"

म्हटलं, जेवल्यावरच!

"अन् जेवतोस कधी?"

कधी एकदा, कधी चारदा. ट्रक थांबेल तसं. मॅडमनं कपाळाला हात लावला. म्हणजे गोळ्याही तशाच गेल्या की! इतक्या डॉक्टरांनी गोळी बदलली, जेवण कोणी विचारलंच नाही. आता जेवण असो नसो — सकाळी दात घासले की एक, रात्री चप्पल काढली की एक. ट्रकवर चढणं बंद.

मग म्हणाल्या, "फिट येते तेव्हा नेमकं काय होतं?"

मला काय माहीत? मी तिथं नसतोच!

"मग पाहिलेला माणूस आण. त्यावरून गोळी ठरेल."

जयवंताबाईला विचारलं. "मी धावत आली तवर तू पडेलच होता."

१२ ऑक्टोबर
पाहिलेला माणूस एकच. आमचे बाबा, नागनाथ गुरुजी, तिकडं भैंशाला राहतात. फिट येऊन गेली की म्हणायचे, "शाळा बुडवायचं नाटक!" त्यावरूनच घर सोडलं. त्यांना बोलावू? मेलो तरी नाही!

जयवंताबाईनं भैंशाच्या ड्रायव्हरपाशी निरोप धाडला म्हणे. धाडू दे. येतात थोडेच.

१६ ऑक्टोबर
फिट नाही. मॅडमनं आज रस्त्यातच नावानं हाक मारली — "हर्षदीप, गोळी?" घेतली मॅडम! दिवसभर उगाच हसून राह्यलो.

१७ ऑक्टोबर
दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून लिहून राह्यलो. आत बाबा आहेत! पहिल्या बसनं आले. मला ओलांडून सरळ आत गेले. दार उघडं आहे, ऐकू येतं — "आधी डावा हात उचलतो, मॅडम. मग मान तिकडंच वळते. मी दर वेळी त्याचं डोकं मांडीवर धरून बसायचो."