सीलच्या आत अडलेली गाय

दि. १२ जून २०२५

प्रति,
माननीय विशेष अधिकारी,
पडीक जमीन व मोकाट जनावरे शाखा,
कुंभकोणम.

विषय : इन्नंबूर येथील रानाचे सील तासभर उघडून गुरांच्या डॉक्टरांस आत सोडणेबाबत.
संदर्भ : आपल्या तीन नोटिसा व मंगळवारचा पंचनामा.

महोदय,

अर्जदार नागलक्ष्मीबाई, वय ६१, निवृत्त शिक्षिका, हिचा हा अर्ज तिची भाची पवित्रा कुंपणाबाहेर बसून लिहून घेत आहे. अर्जदार आत आहे. घरची बोली पिढ्यान्‌पिढ्या मराठी, म्हणून तिच्या मनातले मराठीतच नीट उतरते. तमिळ तर्जुमा सोबत जोडला आहे.

१. अर्जदाराच्या सासरची चार एकर भातजमीन वीस वर्षे पडून होती. दीर-नणंदा परदेशी गेले, वेड्या बाभळी माजल्या. अर्जदाराने बाभळी तोडविल्या आणि शेजारी स्वामीनाथ बाजारी धाडणार होते त्या सहा गाई व एक बैल आत सोडले. नांगरणे नाही, बांधणे नाही. जमिनीला आपली आपण सावरू द्यायचे, एवढाच बेत. तिसऱ्या वर्षी खळग्यांत पाणी टिकले, शराटी पक्ष्यांनी घरटी केली. यजमान गेल्यापासून अर्जदारास प्रथमच सकाळची ओढ लागली.

२. पहिल्या नोटिशीने विचारले, भातजमिनीत भात का नाही? दुसरीने विचारले, गुरांना गोठा का नाही? गोठ्याची परवानगी मागता तिसरी आली : पक्ष्यांची वीण असल्याने बांधकाम मना, गुरे सात दिवसांत हलवावीत. हलविण्याचा दाखला मागता उत्तर मिळाले की, चौकशी चालू असता गुरे हलविता येत नाहीत. निरीक्षक विघ्नेश यांनी सौजन्याने समजाविले, "अम्मा, कायद्यात गाय दोनच तऱ्हेची. कुणाची तरी, नाहीतर मोकाट. मोकाट म्हणून सही करा, आम्ही घेऊन जातो." अर्जदार म्हणाली, "माझ्या आहेत." तेव्हापासून गुन्हाही तिचाच झाला.

३. मंगळवारी फाटकास सील लागले, तेव्हा अर्जदार पलीकडच्या खळग्यापाशी गाभण गाईजवळ होती. ती हाका मारीत येईतो जीप निघून गेली. सील तुटल्यास गुरे जप्त, असे फाटकावर लिहिले आहे. तिन्ही बाजूंस काटेरी तार. मागचा कालव्याचा काठ सरकारी, तेथून वाट नाही. पवित्रा तारेतून दहीभात देते. तिने शाखेत फोन केला असता सांगण्यात आले की, पंचनाम्यात आत माणूस असल्याची नोंद नाही.

४. आज सकाळपासून गाय अडली. डॉक्टर अनंतकृष्ण आले, पण सील असता आत शिरल्यास परवाना जाईल म्हणून तारेपलीकडून सांगत राहिले, "बाई, हात कोपरापर्यंत घाला. दुसरा पाय शोधा." अर्जदाराने जन्मभर भूगोल शिकविला. तिने हात घातला. पाय सापडला. वासरू निघाले, श्वास घेते आहे. गाय उठत नाही. रक्त थांबत नाही.

५. अर्जदारास स्वतःची सुटका नको. ती भात लावील, गुन्हा कबूल करील, मोकाट म्हणूनही सही देईल. डॉक्टरांस तेवढे आत सोडावे.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,

(सही) ....................
नागलक्ष्मीबाई हरिकृष्ण राव

सोबत : तमिळ तर्जुमा, तिन्ही नोटिसांच्या प्रती.

ता. क. : सहीची जागा रिकामी आहे, कारण आत्या तारेपर्यंत येत नाही. गाईचे डोके तिने मांडीवर घेतले आहे. डॉक्टरांनी आपली पेटी बंद केली आहे.
— पवित्रा