गोष्टीतल्या आईचा झगा

शिराझ, ५ खोरदाद

ती. सनोबर मावशीस, फरंगीसचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांना शहरातली खोली अजून कोंदट वाटते.

आई गेल्यावर मी तिच्यावर मुलांसाठी गोष्ट लिहिली, ती एका प्रकाशकाने घेतली आहे. आपल्या भटक्या टोळीतली बाई आणि डोंगरातला प्रवास, एवढंच आहे. चित्रांच्या प्रती सोबत आहेत. चित्रकार बाईने आईच्या कपड्यांचा रंग विचारला तेव्हा मी काळा सांगितला. दुसरा सुचलाच नाही. छपाईला पंधरवडा आहे. मुलं आईला या चित्रांतूनच ओळखणार, म्हणून चुकलं असेल तर लगेच कळव.

माया असू दे.
तुझी फरंगीस

सेमिरोम, १३ खोरदाद

चि. फरंगीसला सनोबर मावशीचे अ. उ. आ.

चित्रं बघून आधी हसले, मग चिडले. तुझे बाबा राहुटी उभारताहेत आणि माझी ताई दगडावर बसून उसासे टाकतेय! अगं, हे कुठल्या टोळीत घडतं? भावोजी नुसता दोर धरून आभाळ बघत उभे राहायचे. ताई म्हणायची, बाजूला व्हा, नाहीतर तुम्हालाच खुंटीला बांधीन. शेजारच्या गुलनारने तर विचारलं, ही शहरातली पाहुणी कोण, हिला कोणी चहा तरी दिला का!

आणि काळे कपडे? एकावर एक पाच घेरदार झगे घालणारी ती. तिला काळ्यात बघून शेळ्यासुद्धा बुजल्या असत्या.

मग ध्यानात आलं, तू अजून दुखवट्याचं काळंच घालत असशील. सात महिने झाले. थोरल्या बाईने रंगीत कापड नेऊन मुलीचं काळं उतरवायचं, ते काम माझं होतं. मला वाटलं, तुझ्या आत्याने केलं असेल. तिला वाटलं असेल, मी केलं. चुकले गं. यायला हवं, पण लोकर कातरणं चाललंय. लोकर नेणाऱ्या गाडीबरोबर हिरवा झगा पाठवतेय. तो अंगात घाल आणि तशीच जाऊन चित्र बदलून घे.

भावोजींना नमस्कार सांग, रागावले तरी सांग.
तुझी मावशी

शिराझ, २१ खोरदाद

ती. मावशीस, सा. न.

झगा घातला. आज चहा बाबांनीच ओतून दिला.

प्रकाशकाकडचे संपादक म्हणाले, चित्र बदललं तर छपाई लांबेल, शिवाय वाचकांना दुःखी आईच भावते. मला वाद घालता येत नाही. मी उठले नाही, एवढंच. चित्रकार बाईने विचारलं, खुंटी ठोकताना एवढा घेर आवरतात कसा. मी झगा कमरेला खोचला आणि कचेरीतच वाकून, हवेत मोगरी मारून दाखवली. सगळे हसले, मीही हसले. तिने तिथल्या तिथे चित्र काढलं. चेहरा आईच्या फोटोवरून, दंड माझे.

संपादकांनी ते बराच वेळ पाहिलं. एवढ्या कष्टाच्या कामात ही बाई हसते कशाला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तिचं घर उभं राहतंय. त्यांनी पानावर सही केली.

थंडीत खाली उतरशील तेव्हा पुस्तक न्यायला ये. तोवर आठवण ठेव.
तुझी फरंगीस