व्हिएतनामला, थ्रू प्रॉपर चॅनेल

६ जानेवारी, सकाळी ६
निर्णय पक्का. वय त्रेपन्न, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, सव्वीस वर्षं इंग्रजीत नोटिंग. एवढं इंग्रजी दिल्लीत वाया घालवण्यात अर्थ नाही. हनोईला जाऊन लहान मुलांना शिकवणार. विजयालक्ष्मीला चहाच्या वेळी सांगितलं. ती म्हणाली, गिझरवाल्याला फोन करून मग जा. घरच्या बायकोला आपली किंमत नसते.

१४ जानेवारी
इंग्रजी शिकवण्याचा ऑनलाइन कोर्स सुरू. रोज दोन तास अभ्यास. आज पंचवीस मिनिटं, कारण संक्रांत. आमच्या सेक्शनची कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर रेवती मला कॅमेरा लावून देते. तिनेही तोच कोर्स घेतलाय. म्हटलं, घे, अडलं तर मला विचार.

३ फेब्रुवारी
हनोईच्या एका शाळेसाठी व्हिडिओवर डेमो. आठ वर्षांची मुलं, विषय फळं. केळं दाखवून म्हणालो, काइंडली रेफर टू धिस. एक मुलगी रडली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, असा तास पूर्वी कधी पाहिला नव्हता. बरं वाटलं.
नंतर रेवतीचा डेमो. तिने केळं खाल्लं आणि मुलांबरोबर नाचली. शिस्त नाही. वय लहान आहे, शिकेल.

१० फेब्रुवारी
निवड झाली!! त्यांना माझा अनुभव आवडला. ऑफिसची परवानगी घेऊन १ एप्रिलला हजर व्हायचंय. रेवती वेटिंगवर. तिची समजूत काढली.
दोन वर्षांच्या बिनपगारी रजेचा अर्ज केला. रेवती म्हणाली, सर, फाईल स्वतः घेऊन टेबलाटेबलावर फिरा यार. मी म्हटलं, सर नंतर यार नको. आणि अर्ज थ्रू प्रॉपर चॅनेलच जाणार.

२४ फेब्रुवारी
व्हिएतनामी भाषेचा संकल्प. 'नमस्कार' आला. बाकी तिथे गेल्यावर.
पहाडगंजला आमच्या महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष भाऊसाहेब भेटले. म्हणाले, २३ मार्चला तुमचा सत्कार. मी दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीच हो म्हटलं.

७ मार्च
मन हनोईत असताना फायली कोण वाचत बसणार? एका दमात एक्केचाळीस फायली काढल्या. सगळ्यांवर एकच शेरा : कागदपत्रं अपुरी, पूर्ण करून पुन्हा सादर करावे. सव्वीस वर्षांत हा शेरा कधी चुकलेला नाही.

१७ मार्च
परवानगी का येत नाही ते कळलं. साहेबांनी माझा अर्ज तपासायला माझ्याच सेक्शनकडे पाठवला होता. ७ तारखेला मी तो परत पाठवला. सही माझीच, ठसठशीत. खाली साहेबांनी लिहिलंय, सहमत.
साहेबांना भेटलो. म्हणाले, अच्छा, तो आपको तो पता ही होगा क्या कमी है. कमी काहीच नव्हती. पण तसं लिहिलं तर आधीचा शेरा खोटा ठरतो. नवी नोट मांडली. आता ती नऊ टेबलं फिरणार.

२३ मार्च
सत्कार झाला. शाल, श्रीफळ. वीस मिनिटं बोललो. तारीख जरा पुढे जाईल, एवढंच सांगायचं राहिलं. परतताना मेट्रोत विजयालक्ष्मीने शाल माझ्या खांद्यावरून काढून पिशवीत कोंबली. गर्दी होती म्हणून असेल.

२८ मार्च
शाळेचा मेल. थांबता येणार नाही, वेटिंगवरच्या उमेदवाराला बोलावलंय.
फार वाईट वाटलं. मला खरंच जायचं होतं. इथे लिहायला हरकत नाही.
रेवतीला विचारलं, तुझ्या परवानगीचं काय? म्हणाली, सर, मी कंत्राटी. एजन्सीला व्हॉट्सॲप केला, त्यांनी अंगठा पाठवला.

१ एप्रिल
रेवती हनोईला पोहोचली. जाताना टेबलावर तिने माझ्यासाठी पेढे ठेवले होते. दोन खाल्ले.

१२ एप्रिल, शनिवार
दोन आठवडे मंडळाच्या लोकांना चुकवत होतो. आज आयएनए मार्केटात कैऱ्या निवडताना भाऊसाहेब समोर उभे. म्हणाले, अहो, तुम्ही हनोईला ना? मी म्हटलं, सुट्टीवर आलोय. ते खुश झाले. विचारलं, किती दिवस आहात?
मी हिशेब करत होतो, तेवढ्यात विजयालक्ष्मी म्हणाली, रिटायर होईपर्यंत.